साखळी बरणीतून उसळते तो व्हिडिओ: आमची का उसळत नाही?

मधली_सुट्टी:

मंडळी, एक मदत हवी आहे.

शाळेतलं विज्ञान मंडळ माझ्याकडे आहे. मी शिकवते जीवशास्त्र, पण एकदा 'विज्ञान' म्हटलं की सगळं एकाच बाईच्या पदरात पडतं हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको. यंदा आठवीच्या पोरांनी हट्ट धरलाय: तक्ते नकोत, प्रतिकृती नकोत, व्हिडिओ करायचे. तेही 'व्हायरल होतील असे'.

त्यांनी दाखवलेला पहिलाच व्हिडिओ असा. एक माणूस काचेचं भांडं हातात उंच धरून उभा. भांड्यात मण्यांची लांबलचक साखळी. तिचं एक टोक काठावरून खाली ओढून सोडलं की ती आपोआप बाहेर पडायला लागते. इथवर ठीक. पण मग ती काठ सोडून चक्क वर उसळते, भांड्याच्या वर हवेत कमान करते आणि मग खाली जाते. कुणी ओढत नाही, कुणी फुंकत नाही.

आम्ही करून पाहिलं. प्लास्टिकचे मणी दोऱ्यात ओवले, बरणी टेबलावर ठेवली, टोक सोडलं. माळ काठाला घासत मुकाट्याने खाली आली. उसळीचं नाव नाही. मागच्या बाकावरून लगेच निकाल आला, 'मॅडम, ते एडिट केलेलं असतं.'

तर प्रश्न तीन. हे खरं आहे का? खरं असेल तर आमचं काय अडतंय? आणि अशा करामतींपैकी आणखी कुठल्या घ्याव्यात, ज्यात 'व्वा' म्हणून झाल्यावर पोरांना पुढे काही करता येईल? मुख्याध्यापकांना अर्जात 'शैक्षणिक मूल्य' असा रकाना भरून हवा आहे.

उगाच_एक:

कॅमेरा उलटा चालवलाय. विषय संपला.

निवृत्त_परिचर:

उगाचराव, उलटा चालवला असेल तर मूळ चित्रीकरणात ती साखळी जमिनीवरून उठून, हवेत वळण घेऊन, भांड्यात घड्या घालून बसली असणार. त्यापेक्षा ती उसळते हे मान्य करणं स्वस्तात पडेल.

बाई, व्हिडिओ खरा आहे. माझी उभी नोकरी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत परिचर म्हणून गेली. पदवी नाही, पण उपकरण हटून बसलं की प्राध्यापक मंडळी मलाच हाक मारायची. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

गोची दोऱ्यात आहे. स्टीव्ह मोल्ड या ब्रिटिश विज्ञान-सादरकर्त्याने २०१३च्या सुमारास ही करामत जगभर नेली. त्याच्या हातात होती ती धातूच्या पोकळ मण्यांची साखळी. बेसिनच्या बुचाला किंवा खिडकीच्या पडद्याला असते ती. तिच्या दोन मण्यांमध्ये इवलीशी दांडी असते. बोटांत धरून वाकवून बघा. थोडी वाकेल, मग अडेल. त्यापुढे जोर केलात तर तुटेल, वाकणार नाही. दोऱ्याला असा अडसर नाही, तो हवा तिथे मोडतो.

आता एक पेन्सिल टेबलावर आडवी ठेवा आणि तिचं एक टोक झटकन वर उचला. पेन्सिल मध्याभोवती फिरू बघते, त्यामुळे दुसरं टोक टेबलावर दाबलं जातं. ते टेबलाला दाबतं, टेबल त्याला उलट वर ढकलतं. साखळीचे दोन-तीन मणी मिळून अशीच एक छोटी ताठ काडी होते. वरून ओढ बसली की तिचं मागचं टोक खालच्या ढिगाला रेटा देतं आणि ढीग तिला वर उडवतो. प्रत्येक तुकड्याला अशी लाथ बसत गेली की कमान काठ सोडून वर चढते. तुमच्या दोऱ्याला मागचं टोकच नाही, मग रेटणार काय?

हे माझं डोकं नव्हे. केंब्रिजचे जॉन बिगिन्स आणि मार्क वॉर्नर यांनी २०१४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात याचं गणित मांडलं. त्याआधी ऐकणाऱ्याला पटकन पटेल असं उत्तर होतं: लोंबणारी बाजू ओढते, वेगात आलेल्या साखळीला एकदम वळता येत नाही, म्हणून कमान होते. आकडेमोड केली की हे उत्तर तोकडं पडतं. स्वस्थ पडलेल्या मण्यांना एकदम त्या वेगाला आणण्यात जेवढा ताण खर्ची पडतो तेवढाच ताण वरच्या वळणालाही लागतो. कमान वर उचलायला शिल्लक काहीच राहत नाही. म्हणजे आणखी कुणीतरी हातभार लावतंय. तो हातभार भांड्याचा.

करायचं कसं:

धातूची मणी-साखळी घ्या, जितकी लांब मिळेल तितकी. मोल्डची ५० मीटर होती. भांडं रुंद तोंडाचं असावं. साखळी त्यात ओतायची नाही. एक जण सोडतोय, दुसरा थर लावतोय अशी सावकाश भरायची. एकही मणी दुसऱ्या घडीखाली अडकला तर मध्येच गाठ येते आणि भांड्यासकट सगळं खाली. मग जिन्याच्या वरच्या टप्प्यावर जा. टेबलाची उंची पुरत नाही, कारण कमानीची उंची ही साखळी किती खाली पडते त्याच्या प्रमाणात वाढते. खाली पडण्याचं अंतर दुप्पट केलंत की कमानही साधारण दुप्पट. पहिला झटका मात्र जोरात द्यायचा. खाली कुणी उभं राहायचं नाही, आणि वर धरणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा हवाच. शेवटचं टोक सुटतं ते चाबकासारखं फटकारतं.

आणि पोरांना हेही सांगा की भांडण अजून मिटलेलं नाही. मेहदी सदाघदार नावाचा एक विद्युत अभियंता स्वतःला शॉक बसवून घेण्याचे व्हिडिओ करतो. त्याने २०२१ मध्ये मोल्डला जाहीर आव्हान दिलं की भांड्याची लाथबिथ काही नसते. दोघांनी एकमेकांना व्हिडिओतून उत्तरं दिली, साखळ्या बदलून बदलून. ते पोरांना दाखवा आणि कोण बरोबर ते त्यांना ठरवू दे. रकान्यात 'शैक्षणिक मूल्य' म्हणून एवढं पुरे.

मधली_सुट्टी:

काका, दंडवत! पेन्सिल करून पाहिली. दुसऱ्या टोकाखाली बोट ठेवलं तर रेटा चक्क जाणवतो. साखळी मागवते.

उगाच_एक:

बरं, मानलं. पण कोकमध्ये मेंटॉसच्या गोळ्या टाकल्या की कारंजं उडतं, ती तरी साधी आम्ल-अल्काची अभिक्रिया आहे ना? एवढं मला शाळेतलं आठवतं.

निवृत्त_परिचर:

तुमच्या आठवणीला नमस्कार, पण नाही.

त्या कारंज्याची कुंडली सांगतो, कारण बाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर त्यातच आहे. २००६ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात दोन पांढरे डगले घातलेल्या माणसांनी डाएट कोकच्या १०१ बाटल्या आणि ५२३ मेंटॉस घेऊन कारंज्यांचा नाच बसवला. फ्रिट्झ ग्रोब आणि स्टीफन व्होल्ट्झ. एक जगलर, एक वकील. शास्त्रज्ञ कुणीच नाही, डगले हौसेचे. जग खुळावलं. हे का होतं याची शिस्तीत तपासणी त्यानंतर आली. टोन्या कॉफी या प्राध्यापिकेने विद्यार्थ्यांना हाताशी धरून प्रयोग केले आणि २००८ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये लेख आला.

त्यांनी काय केलं ते बघा. आधी आणि नंतर पेयाची आम्लता मोजली. फरक नाही. म्हणजे आम्ल-अल्काची गोष्ट तिथेच बाद. मग गोळीचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली घातला. दिसायला गुळगुळीत, प्रत्यक्षात खडबडीत, बारीक खळगे. पेयात दाबून विरघळवलेल्या कार्बन डायऑक्साइडला बुडबुडा धरायला कुठेतरी पाय रोवावा लागतो, तो या खळग्यांत मिळतो. मग गोळी किती वेगाने बुडते ते मोजलं. अख्खी गोळी सरळ तळाशी जाते, तळातून निघालेले बुडबुडे वर येताना फुगत जातात आणि वरचं सगळं घेऊन बाहेर पडतात. तीच गोळी कुटून टाकली तर चुरा रेंगाळत बुडतो आणि कारंजं निम्म्यावर येतं. डाएट कोकमध्ये गोडीसाठी घातलेलं अस्पार्टेम आणि टिकावं म्हणून घातलेलं पोटॅशियम बेन्झोएट बुडबुडा तयार व्हायला लागणारे कष्ट कमी करतात. बाटली कोमट असली तर आणखी जोर.

तर बाई, माझा नियम एवढाच: ज्या करामतीतली एक गोष्ट बदलून तीच करामत परत करता येते ती घ्या, बाकीच्या बघून सोडून द्या. कोमट-थंड, अख्खी-कुटलेली, एक-पाच. प्रत्येक वेळी मागे मोजपट्टी उभी आणि मोबाइल एकाच जागी. आमच्याकडे प्राध्यापक प्रात्यक्षिक दाखवून निघून जायचे, टाळ्या त्यांना. मग मुलं मागे थांबायची आणि मला विचारायची, 'हेच उलटं ठेवलं तर?' खरा तास तेव्हा सुरू व्हायचा, आणि तो वेळापत्रकात नसायचा.

अवांतर: व्हिडिओ आधी आणि शास्त्र मागून धापा टाकत, हा क्रम मला फार आवडतो. पिठाच्या घट्ट पाण्यावरून धावणारी माणसं लोक मिटक्या मारत बघत होते. आघात बसला की त्या जागेखालचं मिश्रण क्षणभर घट्ट होत खाली सरकतं, हे शिकागोच्या दोघा संशोधकांनी 'नेचर'मध्ये मांडलं ते २०१२ मध्ये.

खोडरबर:

परिचर काकांच्या क्रमाला आणखी एक पुरावा. 'ब्लॅकबर्ड' नावाची चाकांची गाडी, डोक्यावर भलामोठा पंखा. वारा मागून येतोय, इंजिन नाही, आणि गाडी वाऱ्यापेक्षा जोरात पळते. ऐकताक्षणी डोकं म्हणतं, अशक्य. वाऱ्याच्या वेगाला पोचली की मागून ढकलणार कोण? यूट्यूबवरच्या व्हेरिटासियम या विज्ञान चॅनेलच्या डेरेक मुलरने २०२१ मध्ये ती स्वतः चालवून दाखवली. कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर कुसेन्को म्हणाले, हे होणे नाही. १०,००० डॉलरची लेखी पैज लागली, बिल नाय आणि नील डीग्रास टायसन हे टीव्हीवर विज्ञान सांगणारे दोघे साक्षीला. प्राध्यापक हरले आणि पैसे दिले.

गंमत अशी की पंख्याला वारा फिरवत नाही. चाकं पंख्याला फिरवतात आणि पंखा हवेला मागे ढकलतो. जमीन आणि हवा यांच्या वेगात फरक आहे तोवर त्यातून काम काढता येतं. २०१० मध्येच या गाडीने वाऱ्याच्या २.८ पट वेग अधिकृतरीत्या नोंदवला होता, तरी व्हिडिओ येईपर्यंत बहुतेकांना पत्ता नव्हता.

पण मागच्या बाकावरच्या त्या मुलाचंही मी कौतुक करेन. 'एडिट असेल' ही शंका चुकीची नाही, फक्त ती अर्धवट सोडायची नाही. २००८ मध्ये एक व्हिडिओ असाच गाजला: टेबलावर मक्याचे दाणे, भोवती चार मोबाइल, सगळे एकदम वाजवले आणि दाणे फुटून लाह्या. लाखोंनी बघितला, घरोघरी लोकांनी मोबाइल मांडून पाहिले. तो एका हेडसेट कंपनीच्या जाहिरातीचा बनाव निघाला. हा हिशोब आठवीचा मुलगा मांडू शकतो. मोबाइल फार तर एक-दोन वॉट फेकतो, तेही चहूकडे. मायक्रोवेव्ह ओव्हन बंद डब्यात सातशे-हजार वॉट कोंडून धरतो, आणि तरी दाणा फुटायला मिनिट-दीड मिनिट घेतो. पहिल्या रिंगला दाणा उडाला की समजायचं, टेबलाखाली काहीतरी आहे.

मधली_सुट्टी:

खोडरबर, हे तर मी गणिताच्या सरांकडे ढकलते. :)

आणखी एक. पोरांच्या यादीत हत्तीची टूथपेस्ट (भांड्यातून उसळणारा फेसाचा लोंढा) आहे, आणि ड्राय आइस आहे. आणि एकाला लाकडावर विजेची नक्षी काढायची आहे. नक्षी दिसते फार सुंदर, पण मला धाकधूक वाटते.

निवृत्त_परिचर:

धाकधूक योग्य जागी आहे. उलट्या क्रमाने घेतो.

लाकडावरची विजेची नक्षी: नाही. शिक्षकांच्या देखरेखीखाली नाही, लांबून नाही, हातमोजे घालून नाही. जुन्या मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून त्याचे दोन हजार व्होल्ट ओल्या लाकडात सोडतात. त्या बाजूला साधा फ्यूज वाचवायला येत नाही. कितीतरी माणसं यात गेली आहेत. अमेरिकेतल्या लाकूड कातणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत हा प्रकारच बंद केला. २०२२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन बाईंनी, ॲन रिअर्डन त्यांचं नाव, 'हे करू नका' सांगणारा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला तर तोच आधी धोकादायक म्हणून काढला गेला, ओरड झाल्यावर परत आला. करून दाखवणारे तोवर तिथेच होते. यंत्राला विनोद कळत नाही.

ड्राय आइस: बंद बाटलीत कधीही नाही, बंद खोलीत ढिगाने नाही. तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड आहे. हवेपेक्षा जड, खाली साचतो, आणि धूर छान दिसतो म्हणून माणूस त्यातच वाकतो. २०२० मध्ये मॉस्कोत एका वाढदिवसाला धुक्याच्या हौसेपायी पोहण्याच्या तलावात ओतला, तिघं गेली. तेव्हा यादीतून खोडा.

हत्तीची टूथपेस्ट मात्र जरूर करा, कारण ती खरं तर तुमच्याच प्रांतातली आहे. व्हिडिओत छतापर्यंत जाते ती तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पोटॅशियम आयोडाइडची. तीव्र पेरॉक्साइड कातडी पांढरी करून भाजतं, त्याच्या वाटेला जायचं नाही. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं घ्या, थोडा भांडी घासायचा साबण, आणि कोमट पाण्यात भिजवलेलं यीस्ट. फेस गुडघ्याएवढा येईल, छताला लागणार नाही. पण यीस्टमधलं कॅटलेज हे विकर पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतंय, आणि भांड्याला हात लावला तर ऊब लागते.

आता तेच यीस्ट उकळून, निववून दुसऱ्या भांड्यात टाका. काही होणार नाही. विकर उष्णतेने मोडलं. दोन्ही भांडी शेजारी शेजारी ठेवून एकाच चौकटीत चित्रण करा. एक फसफसतंय, एक ढिम्म. त्या ढिम्म भांड्याबद्दल पोरं जास्त प्रश्न विचारतील, बघा.

गुरुत्वहीन:

उशिरा आलो, थोडक्यात लिहितो. पोरांना उमेद द्यायची असेल तर ओल्या फडक्याचा व्हिडिओ दाखवा. एप्रिल २०१३, अंतराळ स्थानकात अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड ओलं फडकं पिळतो. पाणी ठिबकत नाही. फडक्याभोवती पाण्याची नळी होते आणि मग ती हळूहळू त्याच्या हातांवर चढते, जेलसारखी चिकटून राहते. खाली ओढणारं काही जाणवत नाही म्हटल्यावर पृष्ठताणाचंच राज्य. हा प्रयोग सुचवला होता कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या दोन शाळकरी मुलींनी. म्हणजे तुमच्या बाकांवरूनही अंतराळात प्रश्न जाऊ शकतो.

आणि या सगळ्यांचा पणजोबा म्हणजे १९७१ मधला अपोलो १५चा डेव्हिड स्कॉट. चंद्रावर एका हातात हातोडा, एका हातात ससाण्याचं पीस, दोन्ही सोडली आणि दोन्ही एकदम पोचली.

उगाच_एक:

ते तरी स्टुडिओत केलेलं होतं म्हणायची परवानगी आहे का?

गुरुत्वहीन:

आहे. पण मग स्टुडिओतली सगळी हवा काढावी लागेल. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्सने २०१४ मध्ये नासाच्या ओहायोतल्या प्रचंड निर्वात दालनात बोलिंगचा चेंडू आणि पिसं सोडून दाखवली, त्याला जगातलं सर्वांत मोठं निर्वात दालन लागलं. १९७१ मध्ये चंद्रावर जाणं त्यापेक्षा सरळ होतं.

मधली_सुट्टी:

मंडळी, खबर. साखळी आली, भरली, जिन्यावरून सोडली. उसळली! कमान आधी वीतभर, मग आणखी वरच्या टप्प्यावरून सोडल्यावर बऱ्यापैकी मोठी. 'एडिट'वाल्यालाच कॅमेरा दिला होता, त्यामुळे त्याचा मार्ग खुंटला.

पण तो गप्प बसेल तर शपथ. म्हणाला, 'भांडं साखळीला वर ढकलतं ना, मग साखळीनेही भांड्याला खाली ढकललं पाहिजे. भांडं वजनकाट्यावर ठेवू. आत उरलेल्या साखळीच्या वजनापेक्षा काटा जास्त दाखवतो का बघू.' काका, हे जमेल का?

निवृत्त_परिचर:

त्याला माझा नमस्कार सांगा. न्यूटनचा तिसरा नियम इतका नीट वापरलेला प्रात्यक्षिक-वहीत मी क्वचित पाहिलाय.

जमेल, पण काटा निवडा जपून. साधा डिजिटल काटा आकडा स्थिर होईपर्यंत थांबतो आणि साखळी त्याआधीच संपते. स्प्रिंगचा, काटा फिरणारा घ्या. काट्यासमोर एक मोबाइल, कमानीसमोर दुसरा, दोन्ही स्लो मोशनवर, आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा म्हणजे नंतर दोन्ही चित्रणं जुळवता येतील. आत किती साखळी उरली ते कळायला दर मीटरला एका मण्याला रंग द्या. एक मीटर साखळी आधीच तोलून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं: नंतर तीच तुमची जुनी दोऱ्याची माळ त्याच काट्यावरून त्याच उंचीवरून सोडा. ती उसळत नाही, तर काट्यानेही जास्त दाखवता कामा नये. तिने जास्त दाखवलं, तर काटा थरथरतोय एवढंच कळेल आणि साखळीचा आकडाही धरता येणार नाही. आकडे आले की इथे टाका. जसे येतील तसे, सुधारून नकोत.